धंद्याचा खोकला

सोलापुरात आता क्षयाची तपासणी मागायला कुणी जात नसे. घरोघरच्या फोनमध्ये 'कान' बसवलेला होता. माणूस खोकला की कान ते ऐके, वय, वस्ती आणि धंद्याशी ताडून पाही, आणि धोका वाटला तर फोनवर लाल खूण उमटे. मग दुसऱ्या दिवशी दारात तपासणीची गाडी. क्षय निम्म्यावर आला होता.

नरसय्याची बायको राजव्वा विड्या वळायची. ती क्षयानं गेली, पण तिची खूण मरेपर्यंत हिरवीच होती.

"असं कसं, बाई?" त्यानं डॉक्टर शाल्मली बर्वे यांना विचारलं. कान त्यांनीच घडवला होता.

"कान जुन्या केसपेपरांवर शिकला, मामा. विडी वळणारी खोकली की डॉक्टर लिहायचे, तंबाखूची धूळ. बहुतेकदा ते खरंही असायचं. म्हणून विडीवालीचा खोकला तो धंद्याचा धरतो."

"मग सगळ्यांनाच तपासा."

"एवढ्या गाड्या कुठून आणू?"

नरसय्या घरी आला. मुलगी पद्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती, खोकत होती. त्यानं तिच्या फोनमधलं 'विडी कामगार' पुसलं आणि 'शिक्षिका' लिहिलं.

"नाना, मी चौथीत शाळा सोडली!" पद्माला हसता हसता ढास लागली.

संध्याकाळी खूण लाल झाली. गाडी आली, क्षय निघाला, गोळ्या सुरू झाल्या. मग काय, अख्खी गल्लीच शिक्षिका झाली.

दिवाळीनंतर शाल्मलीबाई स्वतः दारात उभ्या राहिल्या.

"मामा, तुम्ही खोटं लिहिलंत."

"धंदा खोटा. खोकला खरा होता."

"तुमच्याकडच्या बऱ्याच जणींना नुसती धूळच निघाली. कान त्यातूनही शिकला. आता जिल्ह्यात कुठलीही शिक्षिका खोकली तरी तो सोडून देतो. काल एक गेली. खरी शिक्षिका. हिरवीच होती."

पद्माचे हात थांबले.

"नवरा आहे तिला?" नरसय्यानं विचारलं.

"आहे."

"त्याला माझ्याकडे पाठवा. मी काय केलं ते मीच सांगेन. मारलं तर मार खाईन. मग दोघं मिळून तुमच्या दारात बसू, सगळ्यांची तपासणी होईपर्यंत."

"आणि धंदे? ते तर पूर्ववत करा!"

"शेजारची अंबव्वा परवापासून खोकतीये. तिला पुन्हा विडीवाली लिहू? पद्मे, सांग सगळ्यांना. उद्यापासून गल्ली शिंपीण."

"मग शिंपिणी मरतील, मामा!"

"मग त्यांचेही नवरे येतील," नरसय्या म्हणाला. "दार मोठं करून ठेवा, बाई."