सोनपाखराचे पाय

सुनेच्या अंबाड्यात खोवायला फूल उचललं आणि सरोजिनीबाईंचा हात तिथेच थांबला.

सानपाड्याच्या त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये डोहाळजेवणाला सोसायटीतल्या बायका जमल्या होत्या. मुलगा निशांत चार महिने जहाजावर. आत सून गीतांजली हिरवी साडी नेसून आरशापुढे मान वाकवून बसलेली. पलीकडे मुलगी प्राची, माहेरी येऊन आठ दिवस झालेली.

फूल बाईंच्या आजेसासूचं. सोन्याच्या सात पाकळ्या, मधोमध खरंखुरं सोनपाखरू. हिरवं म्हणावं तर जांभळं झळकतं. शंभर वर्षांपूर्वी मेलेला किडा, पण तेज असं की आत्ता उडेल.

बाईंनी फूल उलटं केलं. पाखराचे सहा पाय पोटाशी दुमडलेले होते.

"हे माझं नव्हे," त्या म्हणाल्या. "प्राची, नूरीला सांग, मकबूलला वर पाठव."

नूरी समोरच्या बिल्डिंगमधली. तिचा नवरा मकबूल सोन्याचा कारागीर. तो आला, भिंग लावून बघत बसला.

"भाभी, पितळ आहे. वर सोन्याचं पाणी. पाखरू मात्र अस्सल."

"कपाटाची किल्ली रविवारपासून वहिनीकडे आहे," प्राची पटकन म्हणाली. "मंगळवारी माहेरी पण जाऊन आली. आई, तुला हजारदा सांगितलं, इतकं डोक्यावर चढवू नकोस."

गीतांजलीचा चेहरा उतरला. "आई, माझी बॅग उघडून बघा."

हे जर हॉलमध्ये गेलं, तर ही पोर या घरात पुन्हा मान वर करणार नाही, हे बाईंना कळत होतं.

"बॅग राहू दे. रडूही नको, काजळ ओघळेल. विचारते तेवढं सांग. रविवारी किल्ली दिली तेव्हा फूल हातात घेतलं होतंस?"

"हो. उलटं करून पण पाहिलं. तुम्ही ओरडलात, खालच्या लाखेला बोट लावू नको म्हणून."

"मकबूल, गेल्या साली पाकळी कुणी बसवली?"

"मीच. लाखपण मीच नवीन भरली."

"प्राची, तू कधी हातात घेतलंयस?"

प्राची हसली. "तू कधी दिलंस? लहानपणी हात लावला तर चापट मिळाली. तुझ्या अंबाड्यात लांबून बघायचं, बस."

"बस. एवढंच विचारायचं होतं. आता तुझ्या लग्नाचा अल्बम काढ."

प्राची जागची हलली नाही. बाईंनीच काढला. बाई पाठमोऱ्या उभ्या, अंबाड्यात फूल, असा एक मोठा फोटो त्यात होता. त्या पानावर आता चार काळे कोपरे तेवढे उरले होते.

"ऐका," बाई पलंगावर टेकल्या. "माझ्या पाखराला पायच नाहीत. जुन्या सोनारानं नुसती पंखांची टरफलं घेतली आणि आत लाख भरली. पोट ठेवलं असतं तर कसर लागून दोन वर्षांत भुगा झाला असता. गीतानं ती लाख पाहिलीय, मकबूलनं स्वतः भरलीय. यांनी नकली केलं असतं तर लाख भरूनच केलं असतं. ज्यानं हे करून घेतलं ते माणूस फूल जन्मभर वरूनच बघत आलंय. फूल सुनेला देणार असं मी श्रावणात बोलले. गणपतीत तू आलीस, फोटो गेला. फोटोवरून कारागिरानं अख्खं पाखरू बसवून दिलं. आणि मंगळवारी गीता किल्ली घरी ठेवून माहेरी गेली, तेव्हा अदलाबदल करताना घाईत उलटून बघायचं तुझं राहिलं."

प्राचीनं पर्समधून पावडरची डबी काढली. कापसात हिरवं-जांभळं झळकलं.

"लग्नात मागितलं होतं मी," ती म्हणाली. "तू म्हणालीस, मुलगी दुसऱ्या घरची, फूल या घरचं. मग हिचं घर कुठलं होतं गं? काल आली ती!"

बोल बाईंचेच होते.

"मागून मिळालं नाही म्हणून उचललंस, ते मी गिळलं असतं," त्या म्हणाल्या. "पोटात सात महिन्यांचं पोर असलेल्या मुलीवर ढकललंस. ते कसं गिळू? तुला मी असं वाढवलं?"

मकबूल खाली बघत बाहेर गेला.

बाईंनी खरं फूल सुनेच्या अंबाड्यात खोवलं, नकली प्राचीच्या हातात कोंबलं.

"हे तुझं. घेऊन जा. डोळे पूस आणि बाहेर चल. ओटी नणंदेनंच भरायची असते. बायकांना यातलं अक्षर कळता कामा नये."

दोघी गेल्या. बाईंनी तळहात पाहिला. पाखराचा एक पाय तुटून तिथे चिकटला होता, केसाएवढा. त्यांनी तो पदराला पुसला, पुन्हा पुसला, आणि ओटीचं तबक उचललं.