रिकाम्या कुंडीतली पाच पानं

पाळणाघरानं हात वर केले, तेव्हापासून लेकीला घेऊनच मी रोपवाटिकेत कामाला जाते. काम साधं, पण डोक्याला ताप. कुंड्यांवरचा कॅमेरा फोटो काढतो, कॉम्प्युटर प्रत्येक रोपाभोवती हिरवी रेघ मारून पानं मोजतो. रेघ बरोबर असेल तर मी 'रोप' दाबायचं. नसेल तर 'चूक' दाबून ती पुसायची, वर कारणही लिहायचं. त्यातून तो शिकणार म्हणे.

मागे एकदा लेकीनं रिकाम्या कुंडीत हात खुपसला आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. तिच्या हाताभोवती रेघ. पानं: पाच. ती माती तोंडात घालत होती, मी एका हातानं तिला आवरत होते. कारण कोण लिहीत बसणार? दाबलं 'रोप'.

दुसऱ्या दिवशी कुंडीत नुसती माती होती. लेक माझ्या मांडीवर. रेघ मात्र तिथंच. पानं पाच.

"मॅडम, मातीची पानं मोजायला पगार देतो का आम्ही?" साहेब म्हणाले.

पुसली. त्या संध्याकाळी लेकीच्या हातातून चमचा गळला. उजवा हात गार, बोटं लुळी. डॉक्टरांना काहीच सापडेना. सकाळी रेघ परत आलेली, आणि ही त्याच हातानं माझे केस ओढत होती.

साहेब ओरडले, पुन्हा पुसली. पुन्हा हात गार.

"तुला काळजीला काहीतरी लागतंच," नवरा म्हणाला. "उद्या म्हणशील, हिला खत घाल."

योगायोग मलाही कळतो. शिकलेली बाई आहे मी. पण पुसणं बंद केलं. कुंडी बदलून पाहिली, माती चाळून पाहिली. रेघ हटली नाही. उलट, वाढत होती.

आज साहेबांचा फोन आला. "ती रेघ अजून आहेच?"

"राहू द्या ना. कुणाचं काय बिघडतंय?"

"सगळी मापं बिघडतायत! तुमच्यानं होत नसेल तर मीच इथून ती रेघ मुळासकट काढतो."

"नको, साहेब, थांबा..."

फोन बंद झाला होता.

पडद्यावर नुसती माती. पानं: शून्य.

लेक मांडीवर शांत बसली होती. रडली नाही. वाढत्या अंगाचा घेतलेला तिचा स्वेटर, त्याच्या बाह्या मी रोज दुमडते. उजव्या बाहीची घडी सुटून टोक खाली लोंबत होतं.

अजून लोंबतंय. मी ती बाही वर सारलेली नाही.