जोतीरामनं दिलेली ओळ

आवाज ऐकवायला गेले होते, एवढंच. चारच्या सुमारास जायचं, एक पद म्हणायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं, म्हणजे वहिनीला स्वयंपाकात माझा हात लागला असता. दिवा असू दे तसाच, वात मोठी करू नका. मला उजेडात हे सांगता येत नाही.

त्रेपन्न सालचा श्रावण होता. मी मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवत होते. नवरा वारल्यावर सासरच्यांनी मला माहेरी पोचवून दिलं आणि मी थोरल्या भावाच्या, दादासोच्या घरी राहू लागले. दादासोची शाहूपुरीत गुळाची अडत. माणूस वाईट नव्हता, पण जैनाच्या घरातली विधवा बहीण नाटकात गाणार म्हटल्यावर बाजारात चार लोक काय म्हणतील, याची त्याला मोठी धास्ती. ताटावर बसल्या बसल्या त्यानं मला सांगून टाकलं.

"एकदा जाऊन ये, पद्मे. घेतलं तर गा. न्हाय घेतलं तर ती तुझी बाजाची पेटी इकायची, आन पुन्यांदा ह्या घरात गाण्याचं नाव काढायचं न्हाय. पटलं का?"

"पटलं," मी म्हटलं. न पटून कुठं जाणार होते?

सासरी सासूबाईंना माझं गाणं खपत नसे. मी विहिरीवर जाऊन, पोहरा सोडता सोडता पाण्यात बघून गुणगुणायची. दागिने सासरीच राहिले, मूलबाळ झालं नाही. स्वतःचं म्हणावं असं माझ्याजवळ काय उरलं होतं, तर हा आवाज. तो फार मोठा होता असं नाही, पण गोड होता आणि माझा होता. तो राहावा म्हणून मी त्या दिवशी गेले.

नाटक मंडळ आमच्या पेठेतल्या तालमीचं. आमच्याकडची पोरं सकाळी लाल मातीत कुस्ती खेळतात आणि गणपतीत तोंडाला रंग लावून नाटक करतात, त्याचं कुणाला नवल नाही. नाटक होतं 'संगीत वेढा'. पन्हाळ्याला वेढा पडलाय, किल्लेदार खाली लढायला गेलाय आणि त्याची बायको दौलतबाई गड राखतेय, अशी गोष्ट. ही दौलतबाई वर्षानुवर्षं जोतीराम करायचा. त्या काळी मंडळात बायकी पार्ट पुरुषच करत. नऊवारी नेसून तो आला की पहिल्या रांगेतल्या बायका त्याच्या पदराकडे बघून आपला पदर नीट करायच्या. त्या चैत्रात तो वारला, आणि मंडळानं पहिल्यांदाच ठरवलं की आता हा पार्ट बाईलाच द्यायचा.

थेटर पंचगंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. बाहेर लख्ख दिवस होता, पण आत शिरले आणि दार मागं लागलं तसं काही दिसेना. आधी वास आला. भिजलेल्या गोणपाटाचा, चेहऱ्याच्या रंगाचा आणि वटवाघळांचा. रंगमंचावर एकच पिवळा दिवा लोंबत होता. त्याच्या खाली पायपेटी, पायपेटीवर बाळासो मास्तर, आणि समोर खुर्चीत तालमीचे वस्ताद हंबीरराव. मंडळही तेच चालवायचे. मागं तालमीतली चारपाच पोरं भिंतीला टेकून उभी होती.

"या बाई, या. भिऊ नगा," हंबीरराव म्हणाले. ते हळू बोलले तरी थेटर घुमायचं. "आमच्यात एक रीत हाय. जुना नट विंगेतनं पदाची पैली वळ देतो आन नव्यानं दुसरी उचलायची. उचलली की पार्ट त्येचा झाला. मग जुन्यानं त्यो पार्ट जल्मात करायचा न्हाय."

"पण ते तर गेले ना?"

"गेला की. आन जाताना म्हनला, माझ्यामागं बाई आणलीसा तर तिला वळ देणार न्हाय. लई हट्टी माणूस."

बाळासो मास्तरांनी पायपेटीचा भाता थांबवला. "हंबीरराव, वळ मी देतो हितनं. कशाला उगं..."

"तू कोण देणार? त्येचा मान हाय त्यो. मान सोडून नाटक करायचं व्हय?"

वस्ताद उठले. त्यांनी नारळ फोडला, एक भकल डाव्या विंगेत नेऊन ठेवलं आणि गल्लीतल्या माणसाला हाक मारावी तशी आत हाक मारली. "जोतीराम! वळ दे रे बाबा! पोरगी खोळंबलीया!"

एक पोरगा फिस्सकन हसला. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. आमच्या लोकांना मेलेल्याशीसुद्धा ओरडूनच बोलायची सवय.

वर आढ्याला वटवाघळं हलली आणि थांबली. मास्तरांचे पाय पायपेटीवर होते, पण सूर अजून लागला नव्हता. डाव्या विंगेतून ओल्या नारळाचा वास आला. त्याच्या पाठोपाठ दुसरा वास, खोबरेलाचा आणि विड्याचा, अगदी कानाजवळ कुणी वाकल्यासारखा.

आणि ओळ आली.

*सरली ना गं रात गडावर...*

बारीक आवाज. बाईचा नव्हे, बाईसारखा. शेवटच्या अक्षरावर किंचित खरखर, आणि मग नाकातून घेतलेला एक छोटा दम. मला वाटलं, वस्तादांनी कुणा जुन्या माणसाला आत उभं केलंय. वाटायचंच की! रीतच ती, तर कुणीतरी ओळ देणारच. मी डोळे मिटले आणि उचलली.

*उघडा ना कुणी दार...*

सबंध पद म्हटलं. गळा इतका मोकळा कधी सुटला नव्हता. वरच्या सुराला नेहमी माझी छाती दडपायची, तिथं मी अलगद गेले. संपलं तेव्हा मला आनंदानं रडू येत होतं. पेटी राहिली, मी राहिले, असं मनात म्हणत मी डोळे उघडले.

मास्तर पायपेटीवरून उठून भिंतीला लागले होते. पोरं दाराशी गेली होती. हंबीरराव तेवढे जागेवर होते, आणि त्यांच्या मिशांवरून पाणी गळत होतं.

"जोतीराम..." ते म्हणाले. "हुबेहूब रं..."

"बाई," मास्तरांनी विचारलं, "तुमी पैली वळ का सोडली?"

"विंगेतून दिली ना कुणीतरी?"

एका पोरानं कंदील धरून विंगेत डोकावलं. आत कुणी नव्हतं. खोबऱ्याचं भकल होतं, तेही कोरडं.

पार्ट मला मिळाला. दादासो हसला नाही, पण त्यानं पेटीवर नवं कापड घातलं. वहिनीनं गोड केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पेटी पुढं ओढली, भात्यावर हात ठेवला आणि मला येणारं अगदी साधं भजन काढलं. गळ्यातून जोतीराम आला. तीच खरखर, तोच नाकातला दम. मी थांबले. पाणी प्यायले. खालच्या पट्टीत बघितलं, वरच्या पट्टीत बघितलं, तोंडातल्या तोंडात बघितलं. माझा आवाज कुठंच नव्हता. बोलताना होता, पोरींना पाढे सांगताना होता, गायला गेलं की नव्हता.

मी धावत वस्तादांकडे गेले.

"हा माझा आवाज नाही हो, वस्ताद. मला नको हा पार्ट. ओळ परत घ्या म्हणावं त्यांना."

"बाई, उचललेली वळ परत कशी घ्याची? आन आवाज कुणाचा का असंना. लोकांस्नी त्योच पायजे."

तालमी सुरू झाल्या. बाळासो मास्तर माझ्याकडे पाठ करून पायपेटी वाजवायचे. मी रोज नवस बोलायची, रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची. काय वेडी होते! घसा बसला असता तर गुळण्यांनी सुटला असता.

प्रयोगाला कोडोलीपासून माणसं गाड्या जुंपून आली. पदाला वन्स मोअर मिळाला, मग दुसरा मिळाला. तिसऱ्या वेळी मी मनाशी ठरवलं, नाही गाणार. माझी अब्रू गेली तरी चालेल, पेटी गेली तरी चालेल. मी ओठ घट्ट मिटले, दात आवळले आणि प्रेक्षकांकडे बघत उभी राहिले.

पद झालं. सबंध झालं, शेवटच्या तानेसकट. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझं तोंड मिटलेलं कुणीच बघितलं नाही, की बघून कुणाला काही वाटलं नाही, देव जाणे. त्यानंतर मी गायले नाही. गाऊन काय करू? ज्याचं होतं त्याचं गाणं तो माझ्याविनाही म्हणू शकत होता. पेटी घरात राहिली. दादासो पाहुण्यांना अजून ती दाखवतो. "आमच्या पद्मीची," म्हणतो. मला ती पेटी बघवत नाही.

एवढ्यावर थांबले असते तर निदान रात्री झोप लागली असती. पण त्याच सालच्या पौषात मला राहवेना. जोतीरामचं घर वरुणतीर्थाकडे होतं, तिथं मी गेले. त्याची बायको शालूबाई हाताला धरून आत घेऊन गेली. तिला कमी दिसायचं. पुढच्या सोप्यावर पाळणा टांगला होता, त्यात नातू. ऊन उतरत होतं.

"बसा. चा टाकतो," ती म्हणाली. "जरा गप ऱ्हावा पर. पोरगं झोपायची येळ हाय."

आतल्या खोलीतून गाणं सुरू झालं.

अंगाई होती. मी कधी म्हटली नव्हती, मला कुणासाठी म्हणायची होती? पण आवाज माझा होता. विहिरीत बघून गुणगुणणारा, भित्रा, गोड. फक्त आता तो भीत नव्हता. मी जन्मात गायले नाही इतकं सुंदर तो गात होता. मी तोंडात पदर कोंबला आणि ऐकत राहिले.

"आत कोण आहे, शालूबाई?"

"कोण न्हाय. खोली मोकळी हाय. गणपतीपासनं येतंय हे, रोज ह्याच वक्ताला." तिनं पाळण्याला झोका दिला. "आधी भ्या वाटायचं. आता त्याबिगर पोरगं डोळा मिटत न्हाय बघा."

मी उठले. दाराच्या कडीला हात घातला. शालूबाईनं माझा पदर धरला.

"तुमचा हाय व्हय त्यो?" तिनं अगदी हळू विचारलं. "असंल तर... न्हिऊ नगा, बाई. पोरगं लई आजारी असतंय. तेवढंच झोपतंय."

मी कडीवरचा हात काढला. काय करणार होते? आत जाऊन त्याला हाताला धरून आणणार होते? मी म्हटलं, "नाही, माझा नाही." आणि खाली बसले.

अंगाईचं कडवं संपलं. पुढचं कडवं घ्यायच्या आधी आतला आवाज दम घ्यायला थांबला. आणि मी गप्प बसलेली असताना, तोंड मिटलेलं असताना, माझी छाती आपसूक श्वासानं भरली.