आमच्या घरावरचा दगड

मी खाणीत तीनशे टनी डंपर चालवते. तांब्यापर्यंत पोचायला जो टाकाऊ दगड उपसावा लागतो, तो नेऊन ओतायचा, हे माझं काम. मार्चपासून हा दगड आम्ही खाणीच्या जुन्या वसाहतीवर ओततोय. माणसांना केव्हाच खाली कालामा शहरात आणून बसवलंय. वर उरलीत ती रिकामी घरं. त्यांतलं एक आमचं, मी तिथेच वाढले.

आई, उबेर्लिंदा, कालामात माझ्याजवळ असते. घरात आम्ही दोघीच. ऐंशी उलटली तरी जीभ शाबूत आहे. मी कामावरून आले की ती चहा, पाव आणि कुस्करलेला अवोकाडो मांडते आणि माझ्या केसांपासून न झालेल्या लग्नापर्यंत सगळ्याला नावं ठेवते. माझा तिच्यावर फार जीव आहे. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी तिला घाबरणार नाही.

एकदा चहा ओतता ओतता ती म्हणाली, “आज शाळेच्या पायऱ्यांवर ओतलंस ना?”

ओतलं होतं. गच्चीवरून धूळ दिसली असेल, असं मी धरून चालले. इतक्या लांबून धूळ दिसते, पायऱ्या दिसत नाहीत, हे मला अंथरुणावर पडल्यावर सुचलं.

मग एका गुरुवारी मला ऐन वेळी वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. घरी आले तर आई फुरंगटलेली.

“आज तिकडे इस्पितळामागे कशाला कडमडलीस? मी दिवसभर वाट बघत होते.”

“कुठे?”

“घरी! आणखी कुठे?”

त्या आठवड्यात तिच्या उशीवर खडी सापडायला लागली. हिरवट, धारदार खडी. तसला दगड कालामात मिळत नाही, तो खाणीच्या तळाचा. मी रोज चादर झटकत राहिले.

ढीग आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा माझा धीर सुटला. घर गाडलं की आईचं काय होईल, ह्या विचाराने अन्न गोड लागेना. मी डंपरना कामं वाटून देणाऱ्या निबाल्दोला म्हटलं, तिथे दुसऱ्या कुणाला पाठव.

“यास्ना, अगं रिकामी घरं ती! त्यात कोण बसलंय?” तो हसला. तरी त्यानं बदलून दिलं.

आईला हे पसंत पडलं नाही. “परकं माणूस नको. ते भसकन ओततात. तूच ये.”

“आई, तुला काही झालं तर?”

“मला काय होतंय? मी आतच असते की.” तिनं एप्रनच्या टोकानं माझ्या गालावरची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी मीच गेले. जितक्या हळू उचलता येतो तितक्या हळू हौदा उचलला. आधी पत्रे गेले, मग खिडकी. मी ओक्साबोक्शी रडले.

चार वाजता सुटले. बसमध्ये देवाकडे एकच मागणं मागत होते, ती जिवंत असू दे.

आई जिवंत होती. दिवा लावून टेबलाशी बसली होती. बाहेर ऊन रखरखत होतं.

“आलीस? बघ, आज किती लवकर काळोख झाला.”

मी तिला घट्ट मिठी मारली.

“छान ओतलंस हो, पोरी. एक कप फुटला नाही.”

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी पडदा सरकवला. ऊन थेट तिच्या तोंडावर आलं. ती चाचपडत किटली शोधत राहिली.

एकाएकी तिनं वर छताकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. वर कसलाच आवाज नव्हता.

“वर डंपर घेऊन कोण आलंय? त्याला म्हणावं, जरा सावकाश.” तिनं आवाज अगदी खाली आणला आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. “यास्नाचा आत्ता कुठे डोळा लागलाय.”

आतल्या खोलीत कुणीतरी कूस बदलली.