करड्या पाखराचं वजन

गोरक्ष पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात युरियाची रिकामी गोणी होती आणि गोणीच्या तळाशी मूठभर... नेमकं सांगायचं तर पाऊण किलो माती.

राहात्यात आमची माती तपासायची छोटी प्रयोगशाळा आहे. मी तिथे केमिस्ट. अशी गोणी रोज एक तरी येते.

"हे चालणार नाही," मी म्हणाले.

"माती चांगली हाय मॅडम. कोल्हारची, नदीकाठची."

"माती चांगलीच असेल. पण खताच्या गोणीतून आली की शेताऐवजी गोणीचाच अहवाल निघतो. घेतली कुठून?"

"बांधाजवळून. तिथं मऊ हुती."

"एकाच जागेची? रानातून नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणी वीतभर खणायचं, सगळी माती एकत्र करायची आणि त्यातली अर्धा किलो आणायची. एक खड्डा म्हणजे शेत नाही."

"मंजे पुन्हा यायचं?"

"पुन्हा यायचं."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या किंचित आधी मिटतो. ही नोंद मी तेव्हाच केली. कशासाठी केली, ते सांगता येत नाही.

माती चाळणाऱ्या चांगुणामावशींनी चाळणी थांबवली. "एवढ्या लांबून आला, हात हलवत चालला, आन् म्हनं बरं झालं! ताई, माती ऱ्हाऊ द्या, पोरालाच तपासा."

तीन दिवसांनी तो कापडी पिशवी घेऊन आला. पिशवीत माती ओलसर होती, म्हणून त्याने ती छापील कागदांत गुंडाळली होती. मी माती सावलीत वाळत घातली आणि कागद टाकण्याआधी सवयीने वाचले. पान एकेचाळीस ते चव्वेचाळीस.

धुक्याचं एक राज्य होतं. तिथे मिहिका नावाची सतरा वर्षांची मुलगी होती. तिच्या मानेवर एक करडं पाखरू बसलेलं असायचं. ते कुणाला दिसायचं नाही. एखाद्या दिवशी ते चिमणीएवढं जड असायचं, एखाद्या दिवशी बैलाएवढं. बैलाच्या दिवशी मिहिका अंथरुणातून उठायची नाही आणि गाव म्हणायचं, आळशी आहे.

मी त्या चार पानांकडे बराच वेळ बघत बसले. मग पिशवीतल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला.

"मातीचा निकाल लागला?" गोरक्षने विचारलं.

"माती अजून ओली आहे. मला... उरलेली पानं हवी आहेत."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "अरे देवा. ते कागद त्यात आले व्हय?"

कादंबरी त्याने स्वतःच लिहिली होती. कांदा, ऊस आणि दोन गाई सांभाळून. दुसऱ्या दिवशी तो सगळी पानं घेऊन आला, सोबत चार पेरूही. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या.

"शेतकरी आणि परीकथा?" मी विचारलं.

"केमिस्ट आणि परीकथा?" त्याने विचारलं.

"मी खूप वाचते. बारावीपासून."

"मी मोनिकासाठी लिहिली. धाकटी बहीन माझी. बारावीत असताना सहा महिने घराबाहेर पडली न्हाई. जेवायची न्हाई, बोलायची न्हाई. आईनं गंडेदोरे केले, कुनी म्हनलं बाहेरचं हाय. मला वाटलं, असं एक पुस्तक पायजे, ज्यात तिला स्वतःला बघता येईल."

मी पेरू खाल्ला. त्याच्याकडे बघायचं टाळलं.

कादंबरी मी दोन दिवसांत संपवली. शेवटच्या प्रकरणात राजपुत्र येतो, मिहिकाच्या कपाळावर ओठ टेकवतो आणि पाखराची राख होऊन उडून जाते. पुढच्या पानावर लग्न.

अशी पुस्तकं मी शंभरेक तरी वाचली असतील. त्यांत मनाचं दुखणं दोनच रूपांत भेटतं: शाप किंवा शक्ती. शाप असेल तर प्रेमाने उतरतो, शक्ती असेल तर युद्धात कामी येते. रोज सकाळी न्याहारीनंतर घ्यायची गोळी मात्र मला एकाही राज्यात सापडलेली नाही.

ती गोळी मी तीन वर्षं घेते आहे. घरी पाहुणे आले की आई ते पाकीट गव्हाच्या कोठीत खुपसते. गेल्या वर्षी एका स्थळाला मी स्वतःहून सांगितलं. मुलगा चांगला होता, चहाही पूर्ण प्यायला. त्यांचा फोन परत आला नाही.

आता गोरक्षला सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. नाही सांगितलं, तर तो मातीच्या निमित्ताने येत राहील, पेरू आणत राहील. सांगितलं, तर दोन शक्यता. एक, तो यायचा थांबेल. दुसरी मला जास्त भीतिदायक वाटत होती: तो राजपुत्र व्हायला निघेल.

मातीचा अहवाल न्यायला तो आला, तेव्हा बाहेरच्या बाकावर मी आधी पानांचा गठ्ठा पुढे केला.

"कशी वाटली?"

"तुमची मिहिका तुम्ही बांधाजवळून घेतलीत."

"मंजे?"

"एकाच खड्ड्यातून. ती फक्त रडते, झोपते, कड्यावर उभी राहते. तिला भूक लागत नाही? ती कुणाला टोमणे मारत नाही? पाखरू मानेवर असतानाही माणूस हसतो, गोरक्ष. हिशेब चुकवतो, केस धुतो, भांडतो. सगळ्या रानातून थोडी थोडी घ्यायला हवी होती."

तो हातातली पानं सरळ करत राहिला.

"आणि शेवट?" त्याने हळूच विचारलं.

"शेवट खोटा आहे."

"मोनिकानं तर शेवट वाचलाच न्हाई," तो म्हणाला. "त्या पानापाशी आली आन् गठ्ठा बाजूला ठिवला. मी विचारलं तर म्हनली, डोळं दुखत्यात."

हीच वेळ होती. मी अहवाल आमच्या दोघांमध्ये बाकावर ठेवला.

"मी तीन वर्षं रोज गोळी घेते. काही दिवस बैलाचे असतात. गोळीने ते कमी झाले, संपलेले नाहीत. कदाचित संपणारही नाहीत. आणि कुणी कपाळावर ओठ टेकवल्याने तर नाहीच."

आत चाळणीचा आवाज थांबला. चांगुणामावशी ऐकत होत्या हे आम्हा दोघांनाही कळलं.

गोरक्षने 'अरेरे' म्हटलं नाही. 'काळजी करू नका' म्हटलं नाही. त्याने अहवाल उचलला, घडी घातली, खिशात ठेवला.

"निघतो," म्हणाला. आणि गेला.

सोमवार, मंगळवार... मी मातीचा सामू मोजला, नत्र मोजलं, स्फुरद मोजलं. नवव्या दिवशी चांगुणामावशी म्हणाल्या, "येईल ओ. कांद्याची लागन चाललीया सगळीकडं." मी म्हटलं, कोण? त्या म्हणाल्या, "व्हय, तेच. कोन!"

बाराव्या दिवशी तो आला. नखांत माती, हातात पानं. शेवटचं प्रकरण नवीन होतं.

"इथंच वाचा," तो म्हणाला.

मी उभ्यानेच वाचलं. राजपुत्र गेला होता. त्याच्या जागी नदीवरचा एक नावाडी होता. मिहिकाला एक म्हातारी वैदीण रोज सकाळी कडू पाला देत होती. पाखरू तिच्या मानेवरच होतं. मिहिका आमटीला नावं ठेवत होती, वैदिणीची नक्कल करत होती, आणि एकदा तर नावाड्याच्या डोक्यावर तिने वल्हं आपटलं होतं. नदी ओलांडताना नावाडी रोज तिला एकच प्रश्न विचारायचा आणि तिच्या उत्तरावरून नाव कुठे टेकवायची ते ठरवायचा. शेवटच्या ओळीत ते दोघं पलीकडच्या काठाला पोचलेही नव्हते.

"मोनिकानं शेवटपर्यंत वाचलं," गोरक्ष म्हणाला. "म्हनली, आमटी खारट दाखव. मी रडले त्या दिवशी आमटी खारट हुती."

"बारा दिवस लागले."

"आठ ठिकाणी खणायचं हुतं ना." मग शब्द चाचपत म्हणाला, "मी तुमच्यासाठी पेरू आणायचो, ते... मातीसाठी न्हवतं."

"माहीत आहे."

"आता रान परत कधी तपासायचं?"

"तीन वर्षांनी."

"लई होतील तीन वर्षं." त्याचा डावा डोळा आधी मिटला. मग तो गंभीर झाला, बाकावर थोडा सरकला, आणि नावाड्याचा प्रश्न विचारला.

"आज किती वजन हाय?"

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी मानेपाशी हात नेला आणि खरंच अंदाज घेतला.

"शेळीएवढं."

"मग शिर्डी रोडच्या हाटेलात न्हाई जायचं," गोरक्ष म्हणाला. "चहा इथंच मागवू."

मी त्याच्या शेजारी बसले. आतून चांगुणामावशी ओरडल्या, "तीन सांगा!"