बाबांची तब्येत विचारणारा

"कोट उद्या मिळेल म्हणून कालच सांगितलं ना! किती वेळा फोन करायचा माणसानं?"

फोन उचलताच मी फटकारलं. मांडीवर अर्धवट शिवलेली बाही, आणि सकाळपासून तगादा लावणारं हे चौथं गिऱ्हाईक!

पलीकडून एक संथ, हसू दाबणारा आवाज...

"मला कोट नकोय. तुमच्या बाबांचं वजन हवंय."

तो आमच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातला नर्स होता. हृदयाच्या दुखण्यावर उपचार घेऊन बाबा परवाच हॉस्पिटलमधून घरी आले होते, आणि अशा पेशंटला महिनाभर रोज फोन करणं हे त्याचं काम.

"सगळे मला ब्रदर म्हणतात," तो म्हणाला. "तुम्हीही म्हणा."

"बघू." का कोण जाणे, तो शब्द माझ्या जिभेवर येईना!

रोज संध्याकाळी सहाला फोन वाजू लागला. बाबा अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. पाय मोडला तरी 'खरचटलंय' म्हणणारे. तब्येतीला एकच उत्तर — "ठणठणीत!" वजनाचा आकडाही स्वतःच सांगायचे. मग तो त्यांना जुन्या आगींच्या गोष्टी विचारायचा, आणि मी मशीन थांबवून स्पीकरवरचा तो आवाज ऐकत बसायची.

शेवटी फोन माझ्याकडे यायचा.

"तुम्ही जेवलात दुपारी?"

"मी काय पेशंट आहे?"

"नाही... म्हणूनच विचारायला बरं वाटतं."

आठव्या दिवशी त्यानं बाबांना सहज विचारलं, "आज फिरायला गेला होतात?"

"तर! कोपऱ्यापर्यंत."

"बूट घालून?"

"छे, चपला. बूट चढेनात रे. आखडलेत मेले."

त्यानं गप्पा तिथेच तोडल्या.

"त्यांच्या घोट्याजवळ बोटानं दाबून बघता?" तो मला म्हणाला.

मी दाबलं. खळगा पडला... आणि तसाच राहिला. बाबांना काट्यावर उभं केलं, तर वजन तीन किलोंनी जास्त! पठ्ठ्या रोज जुनाच आकडा सांगत होता.

"घाबरू नका. हॉस्पिटलचा कागद आणि सगळ्या गोळ्या घेऊन आत्ता या. मी थांबतो."

दवाखान्यात मी त्याला प्रथम पाहिलं. उंच, सावळा, कान जरा मोठेच. कागदावर एक बोट ठेवून तो एकेक गोळी जुळवत गेला, आणि एका जागी थांबला. अंगातलं पाणी कमी करणारी गोळी हॉस्पिटलात काही दिवस बंद ठेवली होती. घरी सोडताना ती पुन्हा लिहायची राहून गेली होती. डॉक्टरबाईंनी बाबांना तपासलं, त्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या आणि गोळी सुरू केली.

"आणखी दोन दिवस गेले असते, तर पुन्हा ॲडमिट करावं लागलं असतं," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याच घरात राहते. रोज त्याच पायांशेजारून केर काढते. मला दिसलं नाही, ते याला इतक्या लांबून ऐकू आलं! मी त्याच्याकडे बघतच राहिले — पहिल्यांदा समुद्र बघावा तशी.

"काय झालं?"

"काही नाही... तुमचे कान बघतेय."

ते कान लालबुंद झाले.

बाबांची सूज उतरली. महिना संपला.

"उद्यापासून बाबा माझ्या यादीत नाहीत," तो म्हणाला.

"बरं झालं," मी म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले. फोन गप्प.

"अगं," बाबा म्हणाले, "मशीन चालतंय, पण दोरा कुठाय?"

मी पाहिलं. खरंच नव्हता.

"जा, जाऊन ये," ते मिशीत हसले.

दवाखान्याचं दार तो नुकताच ओढून घेत होता. मला पाहून दचकला. "बाबा—?"

"बरे आहेत. तक्रार माझी आहे."

"काय होतंय?"

"सहा वाजले की... छातीत काहीतरी हलतं."

"कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यापासून. अंगावर काढलं."

तो हळूच म्हणाला, "मलाही तेच होतंय. पण पेशंटच्या घरच्यांशी असं बोलता येत नाही ना... एकेक दिवस मोजत होतो."

"मग आता?"

"आता... चालत चालत बोलूया?"

आम्ही निघालो. बोलता बोलता नदीच्या पुलापर्यंत पोचलो, तेव्हा त्याला आठवलं, दाराला कुलूप लावायचं राहिलंच होतं! तेवढीच वाट आम्ही पुन्हा चाललो... या वेळी जरा आणखी हळू.