एकोणीस अनावश्यक फाइली

मेंदू-प्रयोगशाळेत रेवती सबनीसच्या टापटिपीचा सगळ्यांनाच धाक होता. दुसऱ्याच्या संगणकातला पसारासुद्धा तिला बघवत नसे. त्या सकाळी तर पसारा तिच्या वडिलांच्या डोक्यातला होता.

पक्षाघातानंतर अनंतरावांच्या मेंदूत भावसंतुलक बसवला होता, भावनांचा तोल सांभाळणारं, लिनक्स या संगणक-प्रणालीवर चालणारं तांदळाएवढं यंत्र. एकेका भावनेची पातळी एकेका फाइलीत लिहिलेली. कारखान्याच्या मूळ सेटिंगच्या फाइली एका फोल्डरमध्ये, डॉक्टरांनी खास रुग्णासाठी केलेल्या दुसऱ्यात. एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असली, तर रुग्णाची चालायची; रुग्णाची नसली, तर कारखान्याची. कारखान्याकडून आलेलं नवं पॅकेज चढवण्याआधी रेवतीनं दोन्ही फोल्डर ताडून पाहिले. एकोणीस फाइली तंतोतंत सारख्या निघाल्या. उगाच कशाला दोन दोन, म्हणून तिनं रुग्णाकडच्या एकोणीस उडवल्या. कुठलीच पातळी बदलत नव्हती, त्यामुळे वडिलांची संमती घ्यायचाही प्रश्न आला नाही. मग तिनं पॅकेज चढवलं.

चौथ्या दिवशी आईचं वर्षश्राद्ध होतं. अनंतरावांनी खीर दोनदा मागून घेतली आणि क्रिकेट लावून बसले. रेवतीनं उडवलेल्या फाइलींची यादी काढली. ती तडक डॉक्टर दाभाड्यांकडे गेली. भावसंतुलक त्यांनीच बसवला होता. यादीतल्या 'शोक' या फाइलीवर त्यांनी बोट ठेवलं.

"ही का काढलीस?"

"मूळ फाइलीसारखीच होती, सर. असून नसून सारखी."

"त्या दिवसापुरती. नव्या पॅकेजात कारखान्यानं शोकाची मूळ पातळी जवळजवळ शून्यावर आणलीय. तुझी आई गेली तेव्हा बाबांनी माझ्यासमोर एकेक पातळी सोसून पाहिली आणि म्हणाले, एवढं दुःख मला राहू दे. आकडा योगायोगानं मूळचाच निघाला. उद्या मूळ बदललं तरी त्यांचं बदलू नये, म्हणून मी ती फाइल वेगळी ठेवली होती."

रेवतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाइलीची प्रत होती, ती परत टाकणं मिनिटभराचं काम. पण आता पातळी बदलणार होती, म्हणजे रुग्णाची सही हवी.

घरी येऊन तिनं वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पुन्हा रडायचं?"

"हो, बाबा. तुम्हीच ठरवलं होतं तसं."

"ठरवलं होतं, आठवतंय मला. का ठरवलं, ते मात्र आता उमगत नाही. नको गं, बरा आहे मी."

"आईसाठी, बाबा."

त्यांनी संमतीचा कागद सही न करता तिच्याकडे सरकवला.

"चांगली बाई होती ती," ते म्हणाले.